आधी सांडपाण्यातले औषध मोजा, मग जीवाणूंना कामाला लावा

प्रति,
मा. पर्यावरण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. क्षारांच्या पाण्यात अन्न म्हणून फक्त पॅरासिटामॉल घालायचे, वर चिमूटभर माती टाकायची आणि फ्लास्क शेकरवर ठेवायचा, हा प्रयोग मी मुलांकडून करून घेते. काही दिवसांत पाणी गढूळ होते. स्यूडोमोनाससारखे मातीतले जीवाणू ते औषध खाऊन वाढलेले असतात. मुले हरखून जातात. मग मी त्यांना फ्लास्कमधला तपकिरी रंग दाखवते. पॅरासिटामॉल तुटताना आधी पॅरा-अमिनोफिनॉल तयार होते आणि ते मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असते. तेही संपले, तरच काम झाले म्हणायचे.

तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ इथे औषधांचे कारखाने आहेत. त्यांच्या सांडपाण्याची परीक्षा मुख्यतः सीओडी आणि बीओडीवर होते, म्हणजे पाण्यातल्या एकूण घाणीला विघटनासाठी किती ऑक्सिजन लागतो यावर. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम औषध उरले असेल, तर या आकड्यांत ते दिसतही नाही. जे मोजलेच जात नाही ते जीवाणूंनी खाल्ले की नाही, हे कोण सांगणार?

हैदराबादजवळच्या पाटनचेरूचे उदाहरण आपल्यासमोर आहे. तिथल्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) असल्याचे 2007 साली प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. आणि त्या केंद्रातही जीवाणूच काम करत होते! म्हणून कोणी पोतेभर जीवाणू-पावडर नाल्यात ओतून प्रश्न मिटल्याचे सांगू लागले, तर कृपया विश्वास ठेवू नका.

प्रतिजैविकांच्या बाबतीत तर जास्तच सावध राहायला हवे. केवळ प्रतिजैविकांवर जगणारे जीवाणू मातीत सापडतात, हे 2008 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले. पण तेच जीवाणू अनेक प्रतिजैविकांना दादही देत नव्हते. प्रतिकाराची जनुके एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. त्यामुळे असे जीवाणू उघड्यावर सोडणे मला अजिबात मान्य नाही. त्यांनी कारखान्याच्या आवारातच, बंद टाकीत काम करावे. उरलेला गाळही तपासूनच बाहेर जावा.

हे करू शकणाऱ्या संस्था आपल्याच राज्यात आहेत. नागपूरला नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जीवाणूंचा प्रचंड संग्रह आहे. दोघांना एकत्र बसवून एखाद्या औद्योगिक वसाहतीत वर्षभर चाचणी घ्या. सुरुवात वेदनाशामकांपासून करा. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन खाणारे जीवाणू चांगले अभ्यासलेले आहेत. डायक्लोफिनॅक अधिक चिवट आहे, त्याला वेळ लागेल.

पण त्याआधी मर्यादा ठरवा. केंद्र सरकारने जानेवारी 2020 च्या मसुद्यात सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांवर मर्यादा सुचवल्या होत्या. ऑगस्ट 2021 च्या अंतिम अधिसूचनेत त्या गळाल्या. मला त्याचे फार वाईट वाटले. मात्र केंद्रापेक्षा कडक निकष लावण्याचा अधिकार राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला आहे. तो वापरा. मंडळ कारखान्यांना जे संमतिपत्र देते, त्यात औषधाचे नाव आणि सोडता येईल ते कमाल प्रमाण लिहा, आणि दर महिन्याचे आकडे खाडीकाठच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर मराठीत लावा.

आपली नम्र,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक शिक्षिका