‘हिप पेन’ एवढ्यावर भागत नाही

संपादक महोदय,

डॉक्टरांच्या नोंदी वाचून निदानाचे कोड लावणे हे माझे काम. आयसीडी-१० या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अमेरिकी आवृत्तीनुसार ते चालते. त्यात ‘हिप पेन’ एवढेच लिहिलेला कागद आला की माझे काम अडते, कारण ‘हिप’ म्हणजे खुबाही आणि बोलण्यात कुल्लाही.

उजव्या खुब्याच्या दुखण्याला एम२५.५५१, डाव्या खुब्याला एम२५.५५२, बाजूच लिहिली नसेल तर एम२५.५५९. पण मुळात हे सगळे कोड सांध्याच्या दुखण्याचे. खुब्याचा सांधा बिघडला तर दुखणे बहुधा जांघेत जाणवते. कुल्ल्यातली कळ कित्येकदा कमरेच्या मणक्यातून किंवा सायटिक नसेमुळे आलेली असते; नुसता स्नायू दुखत असेल तर कोड एम७९.१८. आणि मांडीच्या वर, बाहेरच्या बाजूचे हाड दाबल्यावर दुखत असेल तर तपासणीची दिशाच बदलते.

एका आजींच्या कागदावर डॉक्टरांनी ‘हिप पेन’ लिहिले होते. सोबतच्या फिजिओथेरपीच्या नोंदीत मात्र स्वच्छ होते: दुखणे उजव्या कुल्ल्यात, बसल्यावर वाढते, कळ पोटरीपर्यंत उतरते. त्यावरून मला बाजू घेता आली, निदान नाही. ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच लिहावे लागते. मी लेखी विचारणा केली, तिला उत्तर आले नाही. कागद खुब्याच्या सांध्याच्या कोडनेच पुढे गेला आणि पुढच्या भेटीत नव्या डॉक्टरांनी पुन्हा खुब्याचाच एक्स-रे सांगितला. पोटरीपर्यंत जाणाऱ्या कळेची दखल कुणीच घेतली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

निदान पक्के नसताना ते लिहून टाका, असे माझे म्हणणे अजिबात नाही. बाह्यरुग्णाच्या नोंदीत ‘सायटिका असावा’ याला निदानाचा कोड लागत नाही, लक्षणाचाच लागतो, आणि ते योग्यच आहे. पण मग लक्षण तरी पुरते लिहा: कोणती बाजू, जांघ की कुल्ला, कळ गुडघ्याखाली जाते का, पडल्यानंतर सुरू झाली का. गर्दीच्या वेळीही एवढे लिहून होते.

रुग्णांनीही संकोच सोडावा. कुल्ला दुखत असताना पुष्कळ जण ‘कंबर दुखते’ म्हणतात. दुखते तिथे बोट ठेवून दाखवावे आणि निघण्यापूर्वी कागदावर बाजू बरोबर लिहिली आहे ना, हे विचारून घ्यावे. डॉक्टरांना आणखी एकच विनंती: कोडरची विचारणा आली तर कृपया उत्तर द्या. कोड पुढे गेल्यावर दुरुस्ती करणे फार जिकिरीचे होते.

– एक वैद्यकीय कोडर