नेत्यांचा घसा का बसतो?

संपादक महोदय,

प्रचाराच्या चौथ्या-पाचव्या दिवशी बहुतेक नेत्यांचा आवाज फाटतो आणि कार्यकर्ते ज्येष्ठमध, खडीसाखर शोधत फिरतात. दोष घशाचा कमी, माईकपुढे वागण्याचा जास्त असतो.

नेता ओरडतो, कारण त्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही. सगळे कर्णे लोकांच्या दिशेने लावलेले. मैदानात शंभर मीटरवर बांधलेल्या कर्ण्याचा आवाज व्यासपीठावर यायला सुमारे ०.३ सेकंद लागतात. तोंडात पुढचा शब्द, कानावर मागचा. जीभ अडखळते आणि माणूस आपोआप पट्टी चढवतो. त्याच्या पायाशी, माईकच्या पाठीकडे, तोंड त्याच्याकडे करून एक छोटा मॉनिटर स्पीकर ठेवला तरी निम्मी आरडाओरड थांबेल.

माईक ओठांपासून वीतभर, हनुवटीच्या जरा खाली असावा. अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणूनच कडेच्या गर्दीकडे मान वळवली की वाक्याचा शेवट, म्हणजे नेमके क्रियापद, कुणालाच ऐकू जात नाही. हातातल्या माईकची जाळी मुठीत धरणे तर फारच वाईट. मागचा आवाज गाळण्यासाठी तिथे फटी असतात. त्या झाकल्या की माईक शिट्टी मारतो आणि बोलणी साउंडवाल्याला बसतात.

आता विरामाबद्दल. ‘जमलेल्या माझ्या तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो’ एवढे म्हणून बाळासाहेब ठाकरे थांबत, तेव्हा शिवाजी पार्क गर्जत असे. आजचे वक्ते टाळ्यांवरच पुढचे वाक्य रेटतात. टाळ्या ओसरू लागल्या की मगच बोलावे. तेवढ्यात पोटापर्यंत श्वासही भरून घेता येतो. लांब वाक्य एका दमात ओढले की शेवटी घसा आवळून आवाज काढावा लागतो, आणि तिथेच तो सोलवटतो. माईकपुढे घटाघट प्यायलेले पाणी स्वरयंत्राच्या पडद्यांना लागतही नाही. ते सकाळपासून घोट घोट प्यावे.

व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावे सूत्रसंचालकानेच घ्यावीत. ताज्या आवाजाची पहिली मिनिटे त्या यादीत का घालवायची?

कागद लागत असेल तर टाइप मोठा ठेवावा, मजकूर पानाच्या वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे मान खाली जात नाही. पानांना पिन मारू नये.

आणि ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ने काही कळत नाही. नेत्याच्या भाषणातली चार वाक्ये त्याच्याच पट्टीत कुणीतरी बोलावीत, आणि दुसऱ्याने शेवटच्या रांगेत उभे राहून ऐकावीत.

– एक वाचक, पुणे