नाडी बांधायची चौकट

प्रिय मित्रा,

तुझ्या व्हॅम्पायर कॉमिकची आठ पानं मिळाली त्याच रात्री वाचली, दुसऱ्या दिवशी परत वाचली आणि मग उत्तर लिहायला तीन आठवडे लावले. आळस म्हण हवं तर. पण पहिल्या वाचनाला तोंडातून 'वा!' निघालं आणि दुसऱ्या वाचनाला काहीतरी बोचायला लागलं. काय बोचतंय ते सापडेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मारामारी तू झकास काढतोस, यात वादच नाही. तिसऱ्या पानावर तो व्हॅम्पायर छतावरून उलटा लटकतो आणि आपल्याला आधी फक्त त्याची सावली दिसते, तिथे मी खरंच दचकले. पण अरे, आठ पानांत अकरा व्हॅम्पायर मेले. मोजलेत मी. तुझी नायिका पहिल्या पानावर लाकडी खुंटी घेऊन उभी आहे आणि आठव्या पानावरही तश्शीच उभी आहे, मधल्या मधे केस तेवढे विस्कटलेत. तिला काहीच झालेलं नाही, आणि मी जखमांबद्दल बोलत नाहीये.

तुला बफीचं, म्हणजे टीव्हीवरच्या त्या व्हॅम्पायर मारणाऱ्या मुलीचं, कॉमिक वाचायला दिलं होतं ते तू अर्ध्यावर टाकलंस. 'नुसता पसारा आहे' म्हणालास. तेव्हा मी भांडले होते, आता निम्मं मान्य करते. २००३ साली तिची टीव्ही मालिका संपली तेव्हा शेवटच्या भागात बफी आपली शक्ती जगभरच्या मुलींना वाटून टाकते. २००७ साली डार्क हॉर्स या प्रकाशनानं तिथूनच पुढे आठवा सीझन म्हणून कॉमिक सुरू केलं, मालिकेचा कर्ता जॉस व्हीडन याच्या देखरेखीखाली. ते २०११ पर्यंत चाललं, चाळीस अंक. टीव्हीवर राक्षस उभा करायचा तर मेकअप आला, पैसे आले. कागदावर तेवढ्याच शाईत अख्खं सैन्य उभं राहतं. मग काय, स्कॉटलंडमध्ये किल्ला, मुलींच्या पलटणी, धाकटी बहीण डॉन घराएवढी उंच झालेली, आणि शेवटाकडे तर बफी चक्क उडायला लागते. या सगळ्या धुमाळीत बफी स्वतः कुठे आहे हे शोधावं लागतं. कंटाळलास ते चुकीच्या जागी नाही.

पण त्याच सीझनमधली फेथची गोष्ट (तीही बफीसारखीच स्लेयर, म्हणजे व्हॅम्पायर मारायची शक्ती असलेली, पण एकेकाळी बहकलेली) तू घाईत उरकलीस, याचा मला राग आहे. सहा ते नऊ, अवघे चार अंक, लेखक ब्रायन के. वॉन. फेथला एका उमराव घराण्यातल्या बिघडलेल्या स्लेयरला संपवायला पाठवायचं असतं. त्यासाठी बफीचा गुरू जाईल्स तिला खानदानी बोलणं-वागणं शिकवतो. राक्षसांना न घाबरणारी ही बाई काट्याचमच्यांपुढे गडबडते! आणि जिला मारायला गेली तिच्यातच तिला स्वतःचं जुनं रूप दिसायला लागतं. शेवटी ती मुलगी मरते. फेथ जिंकलेली असते आणि त्या पानावर तिचा चेहरा बघवत नाही. मारामारी त्या चार अंकांतही भरपूर आहे, पण प्रत्येक ठोशाला आधीचा आणि नंतरचा माणूस आहे.

आता शेवट सांगूनच टाकते, तू काही परत वाचणार नाहीस. जाईल्स मरतो. बफी जादूचं मूळच फोडून टाकते, जग वाचतं आणि जगातली जादू जाते. चाळिसाव्या अंकात ती कुठे असते? सॅन फ्रान्सिस्कोत, कॉफीच्या दुकानात कामाला. ज्या मुलींना तिनं शक्ती दिली त्यांतल्याच कितीतरी आता तिच्यावर चिडलेल्या. जाईल्सचं मृत्युपत्र वाचलं जातं तर जवळजवळ सगळं फेथला, आणि बफीला फक्त एक जुनं जाड पुस्तक, 'व्हॅम्पायर' नावाचं. शाळेच्या ग्रंथालयात पहिल्या भेटीत त्यानं तिच्यापुढे आदळलं होतं ना, तेच. त्या मागच्या सगळ्या आकाशातल्या लढाया मी विसरले, पुस्तक विसरले नाही.

आणि त्याची पुढची करामत बघ. दहाव्या सीझनमध्ये (२०१४ ते २०१६, तीस अंक, लेखन ख्रिस्तोस गेज, चित्रं रिबेका आयझॅक्स) जादू नव्यानं रुजलेली असते आणि या पुस्तकात जे लिहिलं जाईल तो जादूचा नियम होतो. म्हणजे बापासारख्या माणसाची आठवण हातात आणि जगाची जबाबदारीही त्याच हातात. जाईल्स परत येतो तोही पोरसवदा मुलाच्या शरीरात, आणि बिचाऱ्याचं ऐकून घ्यायला कुणी तयार नसतं. व्हॅम्पायर इथेही आहेत, दिवसाउजेडी फिरणारे आहेत, पण आयझॅक्सच्या चौकटींत मला आठवतात ते चेहरे. कोण कुणाकडे बघायचं टाळतंय, हे तिला एका भुवईत दाखवता येतं.

म्हणून तुझ्या सहाव्या पानाबद्दल लिहायचंय. खाली उजव्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढी चौकट आहे. व्हॅम्पायरची राख अजून खाली बसतेय आणि तुझी नायिका वाकून बुटाची नाडी बांधतेय. संवादाचा फुगा नाही, धडाम-फटाक नाही. आठ पानांत मला ती माणूस वाटली ती तिथे, आणि तू ती चौकट जागा उरली म्हणून भरल्यासारखी कोंबली आहेस. तिला अर्धं पान दे. त्यासाठी चार व्हॅम्पायर कमी मेले तरी चालतील. ती नाडी लगेच बसते की बोटं थरथरतात? ही राख कालपर्यंत कोण होती, हे तिला माहीत आहे का? एखादा ओळखीचा असू दे त्यांत.

आणि बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला घरात येता येत नाही, हा स्टोकरच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला'पासून चालत आलेला नियम तू नुसता सुटकेसाठी वापरलास: ती पळत घरात शिरते, तो बाहेर अडकतो, संपलं. अरे, उंबरा म्हणजे आयता प्रसंग आहे! बाहेर तिची जुनी मैत्रीण उभी असेल, 'आत घे ना' म्हणत, तर? दोन पानं नुसतं दार काढ. आतून, बाहेरून, कडीवरचा हात. मग पान उलटायला लाव.

नववं पान सुरू केलं नसशील तर करू नकोस, आधी सहावं नव्यानं काढून पाठव. आणि हो, नाडी बांधणाऱ्या त्या हाताला सहा बोटं आहेत. लहान चौकटीत खपून गेलं, अर्ध्या पानावर खपणार नाही.

तुझी,
अकरा व्हॅम्पायर मोजणारी