चिपळूणच्या काचवाल्या भाऊंना

प्रिय भाऊ,

तुमचं नाव या पत्रात लिहीत नाही. निघताना तुम्हीच म्हणालात, "नाव नका टाकू कुठं काका, मग लोक नुसते भाव विचारायला फोन करतात." पण पत्र उघड्यावर लिहितोय, कारण परतताना तुमची गाठ पडली नाही आणि फोनवर मला हे सगळं बोलता आलं नसतं. तुमची भाची तुम्हाला वाचून दाखवेल, तसं तिनं कबूल केलंय.

तुमच्याकडे रोज गाड्या येतात, म्हणून ओळख देतो. 25 ऑगस्टचा सोमवार, गणपतीच्या दोन दिवस आधीचा. डोंबिवलीहून राजापूरकडे निघालेली राखाडी एसयूव्ही, मागच्या काचेच्या जागी निळी ताडपत्री, आत माझी 78 वर्षांची आई, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि मखराचं सामान. आठवलं असेल.

काच फुटली ती माझ्याच चुकीनं. मखराची लोखंडी चौकट डिकीत तिरकी कोंबली होती आणि तिचा एक कोपरा काचेला टेकला होता. डिकी लावताना थोडा जोर द्यावा लागला, तेव्हाच समजायला हवं होतं. रविवारी रात्री निघालो. पेण, माणगाव, महाड, मग कशेडीचा बोगदा, सगळं नीट पार पडलं. पहाटे लोट्याच्या अलीकडे एक खड्डा लागला आणि मागे फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. वळून पाहिलं तर काच नव्हतीच. सीटवर, सामानावर, आईच्या शालीवर खडीसाखरेसारखे दाणे, आणि मागून पाऊस थेट आत. आई इतकी घाबरली होती की तिच्या तोंडून शब्द फुटेना.

ताडपत्री बांधून परशुराम घाट उतरलो. खाली येईपर्यंत मुलीचं डोकं दुखायला लागलं होतं. जागरण झालंय म्हणून दुखतंय, असं मी धरून चाललो.

चिपळुणात शिरल्यावर पहिलं जे दुकान उघडं दिसलं तिथे गेलो. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं, साधी काच आहे, काचेवरची वाफ घालवणाऱ्या हीटरच्या रेषा नाहीत, सिलिकॉनवर बसवतो, दोन तासांत मोकळे व्हा. खरं सांगतो, मी हो म्हणालो होतो. मंगळवारी संध्याकाळी गणपतीच्या शाळेतून मूर्ती घरी आणायची होती, गावी घर उघडायला दुसरं कोणी नव्हतं, डोक्यात तेवढंच होतं. पण त्यांचा माणूस यायला वेळ होता, म्हणून समोरच्या टपरीवर चहा घ्यायला थांबलो. तिथल्या काकांनी गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुढे जावा, त्या पोराला एकदा दाखवा. तो नाय म्हणाला तर या परत." त्या काकांचेही आभार, ते या पत्रात राहून जायला नकोत.

तुम्ही आधी गाडीकडे नाही, मुलीकडे पाहिलंत. "डोकं दुखतंय का हिचं?" तुम्ही विचारलंत आणि चारही दारं उघडी टाकायला लावलीत. मग मला समजावलंत. गाडी पळते तेव्हा तिच्या पाठीशी हवेची पोकळी होते, सायलेन्सरचा धूर त्या पोकळीत ओढला जातो, आणि काच नसली की तोच धूर आत येतो. ताडपत्री बांधून पुढच्या खिडक्या बंद ठेवल्या तर अजूनच वाईट. त्या धुरातल्या एका वायूला वासही नसतो. आम्ही नेमकं तेच केलं होतं, पाऊस आत येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या बंद. तसंच पुढे सावर्डे, संगमेश्वर, लांजा करत राजापूर गाठायचा विचारही एकदा मनात येऊन गेला होता. त्या विचाराची आठवण आली की अजून पोटात गोळा येतो. भाऊ, काच नंतरची गोष्ट. माझे पहिले आभार या एका प्रश्नाचे आहेत.

तुमच्या दुकानातही तीच साधी काच होती. तुम्ही ती मला दाखवलीत आणि म्हणालात, "ही बसंल. पण ही नाय बसवनार." मी वैतागलो. आवाजही चढवला होता, त्याची माफी इथेच मागतो. मी म्हणालो, दुसऱ्या मोठ्या गाडीची रेषावाली काच असेल तर तीच कापून लावा. तुम्ही हसला नाहीत. खाली बसलात, माझ्या मुलीच्या तळहातावर काचेचे चार दाणे ठेवलेत, आणि उत्तर मला न देता तिला दिलंत. ही काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि मग दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत मारतात. बाहेरचा थर आधी थंड होऊन घट्ट होतो, आतला मागाहून आकसत जातो. त्यामुळे काच बाहेरून दाबलेली आणि आतून ताणलेली राहते. बुक्की मारली तर ती दाद देत नाही, पण टोकदार कोपरा बसला की सगळा ताण एका क्षणात सुटतो आणि असा चुरा होतो. हा चुरा मोठ्या तुकड्यांसारखा कापत नाही, म्हणूनच आजीला खरचटलंसुद्धा नाही. पुढची काच वेगळी, दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा, ती तडकली तरी जागेवर राहते. आणि मागची काच एकदा अशी कडक केली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. कटर लावलात की चुरा. ज्या गाडीची, त्याच गाडीची काच लागते.

मुलीनं ते चार दाणे जपून ठेवलेत. शाळेत विज्ञानाच्या बाईंना दाखवून तुमचं बोलणं तिनं शब्दन् शब्द सांगितलं.

हीटरच्या रेषांसाठी तुम्ही का अडून बसलात, ते मला परतीच्या वाटेवर कळलं. त्याबद्दल पुढे लिहितो. तुम्ही कऱ्हाडच्या व्यापाऱ्याला फोन लावलात, आमच्या गाडीचं मॉडेल आणि साल सांगितलंत, आणि कुंभार्ली घाटातून खाली येणाऱ्या टेम्पोत काच टाकायला लावलीत. चार वाजतील म्हणालात. म्हणजे रात्र चिपळुणातच, हे कळल्यावर बायको रडवेली झाली. गणपतीच्या तोंडावर लॉजमध्ये खोली कुठली मिळायला! तुम्ही काहीही न बोलता आत जाऊन तुमच्या आईंना बोलावून आणलंत.

तो दिवस आणि ती रात्र आम्ही तुमच्या घरात काढली. कुळथाची पिठी, भात, सुकटीची चटणी. माझी आई चार महिन्यांनी पोटभर जेवली. दुपारी दोघी म्हाताऱ्या ओटीवर बसून पुराच्या गोष्टी बोलत होत्या. तुमच्या दुकानाच्या भिंतीवर 22 जुलै 2021 च्या पाण्याची रेघ तुम्ही अजून ठेवलीय, माझ्या डोक्याच्याही वर. वाशिष्ठीचं पाणी उतरल्यावर रॅकमधल्या काचा चिखलातून काढून धुतल्यात, त्या बहुतेक वाचल्या. पण मशीन, पीयूच्या म्हणजे काच चिकटवायच्या गमाच्या नळ्या, उधारीची वही, सगळं गेलं. "काचेला चिखलाचं काय वाटत नाय," असं तुम्ही सहज म्हणालात. मला ते ऐकताना सहज वाटलं नाही.

टेम्पो आला पाचला. त्यानंतरचे तीन तास मी तुमच्या शेजारी उभा होतो. इतक्या मन लावून केलेलं काम मी फार दिवसांनी पाहिलं.

काच येईपर्यंतच तुम्ही डिकीच्या आतलं पॅनल क्लिपा न मोडता उतरवलं होतंत. मी विचारलं, याची काय गरज? तुम्ही पॅनल हलवलंत, आत दाणे खुळखुळले. "हे आता नाय काढले तर दोन वर्सं वाजत राहतील. आन् कुलपात गेले तर डिकी उघडनार नाय." व्हॅक्युम लावलात, मग मऊ ब्रश, मग ओल्या कापडानं सीटच्या शिवणी. आईच्या शालीतले दाणे तुमच्या आईंनी अंगणात बसून एकेक करून वेचले.

मग चौकटीचा जुना गम. मला वाटलं सगळा खरवडून काढायचा. तुम्ही धारदार पात्यानं तो कापत नेलात आणि एक-दोन मिलिमीटरचा थर मुद्दाम ठेवलात, कारण नव्या पीयूला जुना पीयू सर्वांत चांगला धरतो. एका जागी पातं घसरून रंग उडाला, पत्रा दिसला, नखाएवढा. कोणाच्या नजरेलाही आला नसता. तुम्ही थांबलात, तिथे प्रायमर लावलात आणि तो सुकेपर्यंत हात बांधून बसलात. कोकणातल्या हवेत नखाएवढी जागा एका पावसाळ्यात रुपयाएवढी गंजते, आणि गंज गमाखालून पसरला की काच आपोआप सुटायला लागते, हे तुमचे शब्द.

पावसात गम कसा धरेल, ही माझी भीती. त्यावर तुम्ही सांगितलंत ते मला नवीनच होतं. पीयू हवेतला ओलावा घेऊनच घट्ट होतो, त्यामुळे पावसाळी हवा त्याला मानवते. फक्त लावताना चौकटीवर एक थेंबही नको. म्हणून तुम्ही शेडच्या तोंडाला दुसरी ताडपत्री बांधलीत, चौकट पुसून कोरडी केलीत, आणि एका दमात, हात न थांबवता, चारही बाजूंनी गमाची उभी तिकोनी धार सोडलीत. मग तुम्ही आणि तुमचा पोऱ्या, दोघांनी सक्शन लावून काच उचललीत आणि एकदाच टेकवलीत. काचेच्या कडेचा काळा पट्टा शोभेचा नसतो, उन्हापासून गम वाचवायला असतो, हेही त्याच वेळी कळलं. कोपऱ्यातली आयएसआयची खूण तुम्ही मला बोट ठेवून दाखवलीत. शेवटी हीटरच्या आणि ब्रेकच्या वरच्या दिव्याच्या तारा जोडल्यात, काचेवर ओला फडका फिरवलात आणि बटण दाबलंत. थोड्या वेळानं रेषेरेषेनं काच सुकत गेली. मुलीनं टाळ्या वाजवल्या.

रात्री आठ वाजता मी पुन्हा विचारलं, आता निघू का? सरळ "सकाळी" म्हणालात. ताज्या गमावर, काळोखात, खड्ड्यांतून, आजीला घेऊन तुम्ही मला सोडणार नव्हतात. गाडीची चावी तुमच्या खिशात होती आणि ती तुम्ही दिली नाहीत. त्या वेळी राग आला होता. आज वाटतं, आजवर मला जे सगळे हो म्हणत आले, त्यांच्यापेक्षा तुमच्या या नाहीचं मोल मोठं आहे.

पैशाचंही लिहितो, कारण सणाच्या गर्दीत अडलेल्या माणसाकडून लोक काय काय घेतात ते मी पाहिलंय. काच 6,200, मजुरी 800. राहण्याजेवणाचं नाव काढल्यावर तुमच्या आई रागावल्या. विम्याचं मी विचारलं तेव्हा तुम्ही कागद मागून पाहिलेत आणि हिशेब मांडलात. काचेवर घसारा कापत नाहीत हे खरं, पण 1500 सीसीच्या वरच्या गाडीला पहिले 2,000 आपल्यालाच भरावे लागतात, म्हणजे हातात येणार पाच हजार. आणि माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, 50 टक्क्यांवर आहे. तो गेला तर पुढच्या हप्त्यात त्याहून जास्त जातील. क्लेम करा नाहीतर राहू द्या, तुमच्या पैशात काहीच फरक पडणार नव्हता. तरी अर्धा तास घालवलात.

मंगळवारी सकाळी सहाला निघालो. दोन दिवस फवाऱ्यानं धुऊ नका, टेप उद्या काढा, आणि दारं लावताना एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, नाहीतर आतली हवा काचेला बाहेर ढकलते. तिन्ही गोष्टी पाळल्या. माझी मुलगी अजूनही दार लावण्याआधी काच खाली करते, आता गरज नाही म्हटलं तरी ऐकत नाही. मूर्ती संध्याकाळी दिवेलागणीला घरी आली. चौकट या वेळी मागच्या सीटवर, गोधडीत गुंडाळून.

परतताना, 3 सप्टेंबरला, कशेडीच्या आधी असा पाऊस लागला की पुढचं दिसेना. आत पाच जणांचा श्वास, येताना भाचाही होता. सगळ्या काचा धुरकटलेल्या. मी मागच्या हीटरचं बटण दाबलं. काच स्वच्छ होत गेली, आणि आरशात एक ट्रेलर दिसला, अगदी जवळ, वेगात. मी डावीकडे घेतलं. तो गेला. गाडीत कोणाच्या लक्षातही आलं नाही. ती साधी काच असती तर तो ट्रेलर मला दिसला नसता. त्या दिवशी सकाळीच तुमच्या दुकानावर थांबलो होतो, पण तुम्ही रत्नागिरीला कामाला गेला होतात. ट्रेलरची गोष्ट घडली ती त्यानंतर, म्हणून तेव्हा कोणाला सांगताही आली नाही. हे पत्र लिहायला बसलो ते त्यामुळेच.

आईनं तुमच्या आईंसाठी दिलेला डबा टपरीवाल्या काकांकडे ठेवलाय. वरच्या कप्प्यात खोबऱ्याच्या वड्या आहेत, खालच्यात एक साडी आणि चिठ्ठी. चिठ्ठी आईनं स्वतः लिहिलीय, अक्षर थोडं हललंय, भाचीला सावकाश वाचायला सांगा.

तुमचे,
डोंबिवलीचे काका