पेसमेकर दिलात, आता त्याच्यावर लक्षही ठेवा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत दोघांच्या छातीत यंत्र आहे. माझं आयसीडी, म्हणजे ठोके बेफाम झाले तर झटका देऊन ताळ्यावर आणणारं. शेजारच्या काकूंना पेसमेकर. माझं यंत्र मी कर्ज काढून घेतलं. काकूंना ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मिळालं. त्या योजनेमुळेच त्या आज हिंडत्याफिरत्या आहेत, त्याबद्दल सरकारचे मनापासून आभार. तक्रार आहे ती त्यापुढची.

माझ्या उशाशी एक मॉनिटर असतो. मी झोपलो की तो छातीतल्या यंत्राशी बिनतारी संपर्क साधतो आणि बॅटरीची, यंत्रातून हृदयात गेलेल्या तारेची, ठोक्यांची नोंद मोबाइल नेटवर्कवरून पाठवतो. गेल्या पावसाळ्यात सकाळीच हॉस्पिटलचा फोन आला : तारेचं रीडिंग एकदम चढलंय, लगेच निघा. ती तार आतल्या आत तुटत चालली होती आणि मला कसलाच त्रास नव्हता. तार अशी तुटली की यंत्र खोट्या सिग्नलला फसतं आणि धडधाकट, शुद्धीवरच्या माणसाला झटका देतं. झटका काय असतो ते मला ठाऊक आहे. बैलाची लाथ छातीत बसावी तसा. या वेळी तो टळला, तो मॉनिटरमुळे.

काकूंकडे मॉनिटर नाही. यंत्र तपासायचं तर अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, तेही कंपनीचा माणूस प्रोग्रॅमर, म्हणजे छातीतलं यंत्र वाचणारं उपकरण, घेऊन येईल त्याच दिवशी. एका कंपनीचा प्रोग्रॅमर दुसऱ्या कंपनीचं यंत्र वाचत नाही. एस.टी.चं भाडं, सोबतीला मुलगा, त्याचा रोजगार बुडणार, म्हणून तपासणी पुढे पुढे जाते. बॅटरी संपत आल्याची खूण यंत्र देऊ लागलं की साधारण तीन महिने हाताशी असतात. काकूंच्या यंत्राने ती खूण केव्हा दिली, कोणालाच कळलं नाही. चक्कर येऊ लागली तेव्हा धावपळ झाली.

अमेरिकेतल्या हार्ट रिदम सोसायटीने २०१५ मध्येच, घरून होणारी ही देखरेख अशा प्रत्येक रुग्णाला देऊ करावी, असं सांगितलं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे अशी देखरेख अखंड चालू असेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर प्रत्यक्ष तपासणी दोन वर्षांपर्यंत लांबवता येते. घाटाखालच्या माणसाचे किती हेलपाटे वाचतील!

तेव्हा योजनेचं पॅकेज ठरवताना मॉनिटर त्यातच धरा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात महिन्यातला एक दिवस यंत्र तपासणीचा ठेवा आणि कंपन्यांना त्या दिवशी प्रोग्रॅमर पाठवणं बंधनकारक करा. मात्र मॉनिटर नुसते वाटून भागणार नाही. आलेला इशारा वाचून रुग्णाला फोन करणारं माणूस नेमलेलं हवं. वाडीत रेंज नसेल तर मॉनिटर मुकाच, त्याची सोयही आधी बघायला हवी. आणि घरच्यांना मराठीत, नीट समजावून सांगायला हवं की रात्रभर त्या नोंदींवर कोणी डोळा ठेवून बसलेलं नसतं. छातीत दुखलं, भोवळ आली तर फोन १०८ लाच करायचा. आमच्या घरी हे कोणी सांगितलं नव्हतं.

पुढची पॅकेजं ठरतील त्या बैठकीला असं यंत्र घेऊन जगणारा एखादा रुग्णही बोलवा. मी स्वखर्चाने येईन.

आपला,
राजापूर तालुक्यातील एक आयसीडीधारक