कुणाची बाजू काढू?

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

आपल्या घराची चित्रकथा काढायला घेतलीस आणि पहिल्याच पानावर अडलीस. माझ्याकडची माणसं काढली तर बाबाकडच्यांना राग येईल, त्यांची काढली तर माझ्याकडच्यांना. फोनवर हे बोलून होत नाही, म्हणून लिहितेय.

रियाद सत्तूफ हा फ्रेंच चित्रकथाकार वाच. जन्म १९७८चा, पॅरिसचा. वडील सीरियाचे, आई फ्रान्समधल्या ब्रिटनीची. बालपण आधी लिबियात, मग सीरियातल्या होम्स शहराजवळच्या तेर मालेह या वडिलांच्या गावी, पुढे आईबरोबर ब्रिटनीत. सोनेरी केसांमुळे गावातली चुलत भावंडं त्याला ‘यहुदी’ ठरवून मारायची. फ्रान्सच्या शाळेत गेला तर तिथे नावावरून टिंगल. म्हणजे दोन्हीकडे परकाच.

हे सगळं त्याने ‘द अरब ऑफ द फ्यूचर’ या चित्रकथेत मांडलं. २०१४ ते २०२२, सहा भाग. लिबियाची पानं पिवळी, सीरियाची गुलाबी, फ्रान्सची निळी. पान उलटलं की आपण कुठे आहोत ते वाचण्याआधीच कळतं. पण खरी गंमत रंगांत नाही. तो निवाडाच करत नाही. लहान मुलाच्या उंचीवरून जे दिसतं तेवढंच काढतो: माणसांचे वास, ओरडणं, मोठ्यांची बढाई. वडील तर बघच. पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेला, शिक्षणाने अरब जग बदलेल असं मानणारा माणूस, आणि गावी पोचल्यावर भावांपुढे दबणारा. तो भागागणिक कडवट होत जातो, तरी खलनायक वाटत नाही, कारण मुलगा आधी त्याच्यावर भाळलेला असतो. सीरियाचं चित्र फार काळं रंगवलं, अशी टीका झाली. मला ती निम्मीच पटते. फ्रान्समधल्या आजोबांनाही त्याने सोडलेलं नाही.

दुसरं, तो ऐकतो. ‘शार्ली एब्दो’ या फ्रेंच व्यंग-साप्ताहिकात त्याने वर्षानुवर्षं रस्त्यात, मेट्रोत कानावर पडलेली तरुणांची बोलणी चितारली. ‘एस्तेरच्या वह्या’ तर ओळखीच्या एका खऱ्या मुलीच्या गप्पांवरून, दहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत, दर वर्षी एक पुस्तक. इतका धीर तुझ्यात आहे का, बघ बाई. मला तरी शंका आहे!

सिनेमाही तसाच. २००९चा ‘ले बो गोस’, म्हणजे ‘देखणी पोरं’: मुरुमं आलेली, बावळट, मुलींच्या मागे लागलेली पोरं. एकही देखणं नाही. उत्कृष्ट पहिल्या चित्रपटाचं सेझार, म्हणजे फ्रान्सचं मोठं चित्रपट पारितोषिक, त्याला मिळालं. व्हँसाँ लाकोस्त हा नट त्यातूनच पुढे आला आणि सत्तूफने मग त्याच्यावरही चित्रकथा केली. दुसरा सिनेमा, २०१४चा, मला तितकासा आवडला नाही.

अजून एक, बाबाला मुद्दाम सांग. २०१६मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवाने ‘ग्राँ प्री’ या आपल्या सर्वोच्च सन्मानासाठी ३० नावं काढली, त्यात एकही बाई नव्हती. यादीत नाव असूनही सत्तूफने ते काढून घ्यायला सांगितलं. तोच ग्राँ प्री त्याला २०२३मध्ये मिळाला.

तेव्हा बाजू राहू दे. आधी तुझ्या दोन्ही आज्यांचे हात काढ, बोलताना कसे हलतात ते बघून. माझं नाक कसंही काढलंस तरी चालेल, पण मामाला नेसत्या लुंगीत काढू नकोस, तो खरंच भांडेल.

तुझी,
आई