एरर पंच देत नाही, गुणलेखक देतो

मा. संपादक,
स. न.

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या बातम्या आपल्या क्रीडापानावर अधूनमधून येऊ लागल्या आहेत, याचा आनंद आहे. मात्र ‘पंचांनी शॉर्टस्टॉपची चूक धरली’, ‘पंचांनी हिट नाकारली’ अशी वाक्ये त्यांत वारंवार छापली जातात, आणि ती साफ चुकीची आहेत. (शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक.) बाद की नाबाद, बॉल की स्ट्राइक, फेअर की फाउल, हे पंच सांगतो. बॅटर पहिल्या बेसवर पोहोचला तो स्वतःच्या फटक्यामुळे (हिट) की फिल्डरच्या गफलतीमुळे (एरर), हे ठरवणारा माणूस मैदानात नसतोच. तो वर पत्रकार कक्षात बसलेला असतो. त्याला अधिकृत गुणलेखक म्हणतात आणि मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, त्याची नेमणूक लीग करते.

घोटाळा होतो तो क्रिकेटच्या सवयीमुळे. क्रिकेटचा गुणलेखक पंचाची खूण पाहून नोंद करतो; बाय की लेग बाय हेही पंचच ठरवतो. सोपा झेल सुटला तरी त्यानंतरच्या सगळ्या धावा फलंदाजाच्याच खात्यात जातात, धावफलकावर झेल सुटल्याची खूणही उरत नाही. बेसबॉलमध्ये मात्र धावा आणि हिट यांच्या शेजारी एररचा तिसरा रकाना असतो आणि तो गुणलेखकाच्या निर्णयाने भरतो.

हा निर्णय मनमानी नसतो. बेसबॉलच्या नियमांत त्याची कसोटी दिली आहे: त्या जागी खेळणाऱ्या, त्याच दर्जाच्या लीगमधल्या सरासरी कौशल्याच्या फिल्डरने, मैदान आणि हवामान जमेस धरून, साधारण प्रयत्नात हा चेंडू हाताळला असता का? असता, तर एरर. चेंडूला हात लागलाच पाहिजे असे नाही. सरळ येणारा चेंडू दोन पायांमधून निघून गेला तरी एरर लागतो. उलट तोच चेंडू खड्याला लागून ऐनवेळी वेडावाकडा उसळला, तर ती हिट.

एवढ्याशा फरकाने काय होते ते पाहा. समजा, पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) सहा डाव टाकले आणि आधी दोन रास्त धावा, म्हणजे एररच्या मदतीशिवाय झालेल्या धावा, दिल्या आहेत. सहाव्या डावात दोन बाद असताना शॉर्टस्टॉपकडे चेंडू गेला, हातमोज्यातून निसटला, बॅटर पहिल्या बेसवर. पुढच्याने होमरन मारली, दोन धावा. गुणलेखकाने एरर दिला असेल, तर तिसरा गडी बाद होऊन डाव तिथेच संपायला हवा होता असे धरतात आणि त्या दोन्ही धावा पिचरच्या माथी येत नाहीत. त्याची सरासरी, म्हणजे रास्त धावा गुणिले ९ भागिले डाव, ३.०० राहते. तोच चेंडू हिट ठरला तर ६.०० होते. बॅटरच्या बाजूने पाहिले, तर एररवर बेस मिळाला तरी त्याची अ‍ॅट-बॅट (सरासरीत धरली जाणारी फलंदाजीची पाळी) मोजली जाते, हिट मिळत नाही, सरासरी घसरते.

इथेच एक बारकावा आहे. एररनंतर लगेच पिचर बदलला आणि होमरन नव्या पिचरवर बसली, तर होमरन मारणाऱ्याची धाव त्या नव्या पिचरला लागते. आधी हुकलेल्या संधीचा फायदा त्याला मिळत नाही. संघाच्या हिशेबात मात्र ती रास्त धरत नाहीत. म्हणून पिचरांच्या रास्त धावांची बेरीज कधी कधी संघाच्या आकड्यापेक्षा जास्त येते. ती छपाईची चूक समजून कृपया ‘दुरुस्त’ करू नये.

दुहेरी बादच्या, म्हणजे एकाच चेंडूवर दोघांना बाद करण्याच्या, बाबतीत नियम वेगळा आहे. दुसरा गडी बाद झालाच असता, असे गृहीत धरता येत नाही. दुसऱ्या बेसवरून पहिल्याकडे केलेली फेक बाहेर गेली, पण धावणारे आणखी पुढे सरकले नाहीत, तर फेकणाऱ्याला एरर नाही. फेक अचूक होती आणि पहिल्या बेसवाल्याने ती टाकली, तर मात्र एरर त्याला लागतो.

पंचाच्या निर्णयाला गुणलेखक हात लावू शकत नाही. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटचा पिचर आर्मांडो गालारागाने सलग २६ जण बाद केले होते; सामना संपायला एकच उरला होता. २७ व्याला पंच जिम जॉयस यांनी पहिल्या बेसवर सेफ ठरवले. आपले चुकले हे जॉयस यांनी सामन्यानंतर कबूल केले, तरी वहीत हिट ती हिटच राहिली. गुणलेखकाच्या निर्णयाविरुद्ध मात्र दाद मागता येते. जून २०१२ मध्ये न्यूयॉर्क मेट्सचा पिचर आर. ए. डिकीने टँपा बेविरुद्ध एकच हिट दिली. ती एरर ठरवावी म्हणून मेट्सने लीगकडे अपील केले आणि ते फेटाळले गेले. गुणलेखकाला आपला निर्णय बदलायला २४ तास असतात, तर खेळाडू किंवा क्लबला अपिलासाठी ७२ तास. सकाळी आपण छापलेला आकडा संध्याकाळी बदललेला दिसतो, तो यामुळे.

सामन्याचा आकड्यांचा तक्ता छापण्यापूर्वी उपसंपादकाला तो दोन मिनिटांत तपासता येतो. त्याची रीत नियमांतच दिली आहे. एका संघाच्या अ‍ॅट-बॅट, वॉक (चार बॉल पडून मिळालेला बेस), चेंडू लागून मिळालेले बेस, सॅक्रिफाइस बंट (स्वतः बाद होऊन धावकाला पुढे सरकवणारा हलका टोला), सॅक्रिफाइस फ्लाय (झेलबाद होऊनही धाव मिळवून देणारा उंच फटका) आणि अडथळ्यामुळे मिळालेले पहिले बेस यांची बेरीज करा. त्याच संघाच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले धावक आणि प्रतिस्पर्ध्याने टिपलेले बाद यांची दुसरी बेरीज करा. दोन्ही सारख्या यायला हव्यात. उदाहरणार्थ ३३ अ‍ॅट-बॅट, ४ वॉक, १ चेंडू लागून, १ सॅक्रिफाइस फ्लाय: ३९. दुसरीकडे ५ धावा, ७ अडकलेले, २७ बाद: ३९. यजमान संघाला नवव्या डावात खेळावेच लागले नाही, तर त्याच्या तक्त्यात २७ ऐवजी २४ येतात. मेजर लीगच्या नियमित मोसमात जादा डावांत २०२० पासून दुसऱ्या बेसवर आयता धावक उभा करतात. तो बॅट हातात न घेताच तिथे आलेला असतो, म्हणून असे धावक पहिल्या बेरजेत वेगळे मिळवावे लागतात, नाहीतर ताळा जुळत नाही.

या तक्त्याला आजचे रूप देण्यात मोठा वाटा हेन्री चॅडविक यांचा. ते वार्ताहर, आणि बेसबॉलआधी क्रिकेटच्या बातम्या देणारे. पुढे अनेक दशके वार्ताहरच अधिकृत गुणलेखक असत. ज्याच्याबद्दल लिहायचे त्याचाच निकाल द्यायचा, हे बऱ्याच वृत्तपत्रांना पटेना, म्हणून ती प्रथा थांबली. हे काम आपल्याच पेशातून आले आहे, तेव्हा निदान त्याचे नाव तरी बातमीत बरोबर यावे.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही आहेत, म्हणजे दोन्हींचे तक्ते आपल्या पानावर शेजारी शेजारी येतील. तोवर एवढे करावे: ‘पंचांनी चूक दिली’ऐवजी ‘गुणलेखकाने एरर दिला’ लिहावे, धावा, हिट, एरर हे तिन्ही आकडे द्यावेत, आणि ६-४-३ असे आले की ते जर्सीचे क्रमांक समजू नयेत. ते खेळण्याच्या जागांचे आकडे आहेत: शॉर्टस्टॉपने उचललेला चेंडू दुसऱ्या बेसवाल्याकडे, तिथून पहिल्या बेसवाल्याकडे, आणि दोघे बाद.

आपला,
एक वाचक, पुणे